दुसऱ्यांच्या गावाची गाणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या सवडीनं. त्यामुळं जर्मनीत एर्लांगेनला मुलाकडं राहायला गेलो तेव्हा मला बरंच काही शिकवण्यात आलं. कचरा रंग बघून टाकायचा, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि न गाता नुसतं बोललं तरी त्याला गाणं म्हणायचं.

हे बोलणारे अमेरिकेचे. मुलगा त्यांना लावूनच कांदा चिरायचा. मंद गिटार, टाळ्यांचा ठेका, आणि पारावर गप्पा माराव्यात तसे तीन-चार गडी तालात बोलतायत. मुलगा म्हणाला, याला हिप-हॉप म्हणतात, पण हे शहरी नव्हेत, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या खेड्यातले आहेत. मग एकेक ओळ कौतुकानं मराठीत सांगायचा. तांबड्या मातीचा रस्ता, पडवीत बसलेली आजी, तिनं तळलेले मासे. गिटार वाईट नव्हती. पण हे मी त्याला सांगितलं नाही, उगाच शेफारला असता.

मी काही मासे ऐकायला गेलो नव्हतो. गावच्या जत्रेत सासनकाठीला पहिला खांदा आमच्या घराचा. माझा खांदा आता वर जात नाही. घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर मान चुलत भावाकडं जाणार, आणि त्याची पोरं तर आत्तापासून दंड चोळत बसलीत. चैत्रात येतोस का, एवढंच मुलाला विचारायचं होतं. विचारलं. तो म्हणाला, उरलाउब मिळणं कठीण आहे. उरलाउब म्हणजे रजा. जर्मन शब्दात नकार दिला की बापाला कमी लागतो, असा त्याचा समज असावा.

पुढल्याच आठवड्यात तिकिटं घेऊन आला. तीच मंडळी कोलोनला येणार होती. त्यासाठी दोन दिवसांची रजा लगेच मिळाली. माझ्या सासनकाठीचं कंपनीला काही नव्हतं, पण अमेरिकेतल्या आजीच्या माशांसाठी तिनं ताबडतोब सही केली.

कोलोनच्या त्या हॉलमध्ये बसायला खुर्ची नव्हती. तिकीट काढून उभं राहायचं. जन्मात पायाला चिखल न लागलेली गोरी पोरं डोळे मिटून मातीच्या रस्त्यावर डोलत होती. आरतीला कधी ओठ न हलवलेल्या माझ्या मुलाला सगळं तोंडपाठ. शेवटी एकानं नुसत्या गिटारीवर सावकाश काहीतरी म्हटलं आणि मुलानं डोळे पुसले.

"काय म्हणतोय तो?"

"घर वाट बघतंय, म्हणतोय."

"तो राहतो का तिथं?"

"नाही अण्णा. आता मोठ्या शहरात असतो."

"म्हणजे तो गाणार, तू रडणार. घरी कोण आहे मग?"

त्यानं मान स्टेजकडं वळवली.

परतीच्या गाडीत मी पुन्हा एकदा, शेवटचं विचारलं. तो खिडकीकडं बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की, अण्णा."

मी त्याच्यासमोरच चुलत भावाला फोन लावला. सांगितलं, यंदा पहिला खांदा तुझ्या थोरल्याला दे. त्यानं काळजीनं विचारलं, पोराची तब्येत बरी आहे ना?

"त्याला काय धाड भरलीय? कंपनीचं पान हलत नाही त्याच्यावाचून. दोन दिवससुद्धा सोडत नाहीत."

मुलाचे कान लाल झाले. तो काही बोलायला वळला, पण मी हातानंच थांबवलं. फोनवर अजून भाऊ होता.

"मोठा माणूस झाला म्हणायचा," भाऊ म्हणाला.

"झाला," मी म्हटलं.