घाईबुवाचा हात

तो गेल्याचं गेल्या महिन्यात कळलं. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण मला तो फारसा ठाऊक नव्हता. त्याच्या घरी मी एकदाच गेलो. कारखान्यात मात्र वर्षानुवर्षं त्याचं प्रेसमशीन माझ्या शेजारी होतं, आणि त्याचा उजवा हात मी माझ्या हातापेक्षा जास्त पाहिलाय. भीतीने.

पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की वरचा जड ठोकळा धाडकन खाली येई. बटणं दोन ठेवली होती ती हात बाहेर राहावेत म्हणून. पण तो, आमचा घाईबुवा, उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवी आणि एका हातावर काम ओढी. तुकडा अडकला की मोकळा हात सरळ साच्यात. मशीन जुनं, कधी एका दाबात दोनदा खाली येई. त्याचा हात आत गेला की मी माझं काम सोडून तिकडेच बघे.

मग पलीकडच्या रांगेत एकाची बोटं गेली. सेफ्टीवाल्या बाई आल्या, धडे झाले. घाईबुवाने सगळी उत्तरं बरोबर दिली, पाचर फेकली, आणि चार दिवसांनी नवी ठोकली.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी विचारलं.

तो पांढराफटक पडला होता. "सगळं कळतं रे. पण हात मला विचारतच नाही. रात्री स्वप्नात तो नसतोच, बायको मला भरवत असते."

त्याच सुमारास सकाळी योग सुरू झाला. "आता शीर्षासनात पत्रे कापायचे!" असं सगळे हसले. तोही हसला. पण योगाच्या सरांनी फक्त हात सावकाश वर न्यायला लावला, श्वास पूर्ण सोडल्याशिवाय खाली आणायचा नाही म्हणाले. घाईबुवाचा हात मध्येच खाली पडे. ते पाहून तोच घाबरला. मान खाली घालून त्याने सरांना आणि बाईंना मशीनपाशी नेलं.

बाईंनी विचारलं, "हात नेमका कधी जातो, काका?"

"तुकडा अडकला की."

"मग तेवढंच धरा. अडकला की श्वास सोडा. मग मशीन बंद. मग चिमटा."

सर म्हणाले, "रोज सकाळी इथेच, बंद मशीनवर करू."

तो करत राहिला. ओठ हलत. "घाईबुवा जप करतोय," पोरं म्हणत. कधी चुके, मग तोंड लपवी. पाचर अजून त्याच्या खिशात असे, हे मला माहीत होतं. माझी भीती काही कमी होईना.

एका दुपारी माल तातडीचा होता, सुपरवायझर मागे उभा. "आटपा, आटपा!" तुकडा अडकला. घाईबुवाचा हात उठला. मी ओरडायला तोंड उघडलं. हात साच्यापुढे थांबला. त्याने श्वास सोडला. तेवढ्यात ठोकळा आपोआप खाली आला. धाड!

तो खाली बसला. बोटं एकेक चाचपत राहिला. मग उठून त्याने मशीन बंद केलं आणि चिमट्याने तुकडा काढला. संध्याकाळी पाचर भट्टीत गेली. मशीनची दुरुस्ती झाली, पण घाईबुवा शेवटपर्यंत दर अडकलेल्या तुकड्याला थांबला. मी मात्र दर वेळी घाबरलोच.

त्याच्या निवृत्तीनंतर मी घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता पोरावर ओरडायच्या आधीसुद्धा श्वास सोडतात. तोवर पोरगा पळून जातो!"

त्यांनी चहा ठेवला. वाफ येत होती. त्याचा उजवा हात, पाची बोटांचा, कपाशी जाऊन थांबला.

"घे की, निवेल," मी म्हणालो.

"निवू दे," तो म्हणाला. "तू घे."