नागीण, गेरू आणि ऑगस्टचं पान

लग्न होऊन इंदिरानगरला आले तेव्हा आईने बजावलं होतं, "सासरी कमी बोल." कमी बोललं की जास्त दिसतं, हे तिने सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत डोकं किश्शांनी भरलं. सगळे सासूबाईंच्या एका डोळ्याभोवतीचे.

* * *

श्रावणात सासूबाईंच्या कपाळावर उजव्या बाजूला फोड उठले. नागीण. बघायला आलेल्या आत्याबाई उशाशी बसून म्हणाल्या, "तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो बरं का, वहिनी."

एवढा धीर देऊन त्यांनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

* * *

"बाबा, डॉक्टरकडे जायचं का?" मी विचारलं. माझं तोवरचं सर्वांत लांब वाक्य.

"नागिणीला डॉक्टर नसतो," सासरे म्हणाले, आणि इगतपुरीकडून एका बुवांना घेऊन आले. बुवांनी भुवईवर गेरूची जाड रेघ ओढली. "वाट बंद केली हाय. आता खाली नाय उतरायची."

दुसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर फोड आला, डोळा लाल झाला. बुवांना निरोप धाडला. उत्तर आलं, "नव्या सुनंनं रेघ पुसली आसंल."

* * *

सासूबाईंना उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. सासरे तीस वर्षं मास्तर. ते रोज सकाळी कॉटशेजारी उभे राहून सासूबाईंचा चांगला डोळा हाताने झाकायचे आणि समोरच्या कॅलेंडरकडे बोट करायचे.

"वाच."

"ऑगस्ट. पंधरा तारीख लाल."

"बघ, दिसतंय की."

पास!

* * *

एका सकाळी परीक्षेआधी मी गुपचूप पानं उलटून नोव्हेंबर वर काढला. नवरा तिथेच दाढी करत होता. त्याला काही दिसलं नाही. त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

"वाच."

"ऑगस्ट. पंधरा तारीख लाल."

सासऱ्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

* * *

गंगापूर रोडचे डोळ्यांचे डॉक्टर चिडलेच. "हा विषाणू नसेत असतो, आणि नाकाच्या शेंड्याची नि डोळ्याची नस एकच. नाकावर फोड आला त्याच दिवशी यायचं. अजून थांबला असतात तर डोळा गेला असता."

सासरे म्हणाले, "पण गेरू आम्ही वेळेवर लावला होता."

* * *

नजर बरीचशी परतली. परवा दुपारी मी सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होते. घरात आम्ही दोघीच. त्या छताकडे बघत म्हणाल्या,

"हळू गं. आणि पुन्हा कधी कॅलेंडरचं पान बदललंस, तर आधी माझा डावा डोळा झाकलाय का बघत जा."