मांडा फाटला की दुसरा घ्यायचा

मॅट्रिकची परीक्षा इंग्रजांनी पोरांना छळायला काढली असेल, पण तिच्यातून आम्हाला सोडवायला देवाने आमच्या बुधवारा पेठेत एक माणूस जन्माला घातला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते नात्याने माझ्या आईचे मामा. पण तिच्यापाठोपाठ साऱ्या बुऱ्हाणपूरचे मामा झाले होते. कापसाच्या पेढीवर नोकरी, डोक्यावर तिरपी टोपी, आणि मॅट्रिक इतक्या वेळा नापास की परीक्षेला घाबरलेल्या पोराला त्यांच्याकडे पाठवायचं, असा गावाचा रिवाजच पडला होता.

मी पहिल्या खेपेला भूमितीत आपटलो. वडिलांनी शांतपणे सांगितलं, "अबकी बार गेला तर जसोंडीला केळीच्या मळ्यात. बोलणं संपलं." केळीशी माझं वैर नव्हतं, पण शिक्षा म्हणून केळी आयुष्यभर कोण पाहील? मी भूमिती इतकी घोकू लागलो की जेवताना पोळीचेसुद्धा त्रिकोण करायचो आणि न खाता उठायचो. मग आईने मला मामांकडे नेलं.

मामांनी वैद्यासारखी जीभ पाहिली, हातातलं पुस्तक घेतलं आणि त्यावर मांडी घालून बसले. "त्याला जरा आराम पडू दे. किती दिवसांचं जागं आहे बिचारं," म्हणाले. मग मला चुलीपाशी नेलं. त्यांचं औषध एकच होतं : मांडे. सैल कणकेचा गोळा हातांवर फिरवत कोपरापर्यंत ओढायचा आणि रुमालासारखा पातळ झाला की उलट्या खापरावर टाकायचा. माझा पहिला मांडा मधोमध फाटून गळ्यात पडला, दुसरा मामींच्या मांजरावर. मांजर पांढरंफटक होऊन माळ्यावर गेलं. मामी म्हणाल्या, "पोरगा पास होवो न होवो, मांजर आता घरात राहात नाही." मी रडकुंडीला आलो. मामा मात्र परातीकडे बोट दाखवून म्हणाले, "फाटला? दुसरा घे. कणीक आहे ना अजून."

मांडा ओढत असताना ते मला भूमिती विचारायचे. "माझ्या डोक्यात नाही शिरत रे भाऊ. परत सांग." मी परत सांगायचो. मांडा फाटायचा, सिद्धता फाटायची, दोन्ही नव्याने सुरू.

परीक्षा खांडव्याला असायची. मामा पेढीवरून सुट्टी काढून पोरांबरोबर जात आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली मांड्यांचं गाठोडं घेऊन बसत. भूमितीचा परचा हातात आला आणि मी पहिल्याच प्रश्नात त्रिकोण चुकवला. डोळ्यांसमोर केळी उभ्या राहिल्या. आणि त्यांच्यामागून ते पांढरं मांजर. मला एकटंच हसू आलं. पर्यवेक्षकांनी रोखून पाहिलं, मी चुकलेलं खोडलं आणि दुसरा घेतला.

परतीच्या गाडीची वाट पाहताना मामांनी परचा मागितला. चष्मा पुसून वाचला, मग बाकावरच्या धुळीत बोटाने त्रिकोण काढून सगळी सिद्धता करून दाखवली. सांगताना मी जिथे अडून खाकरायचो, त्याच जागी तेही खाकरले.

"मामा, तुम्हाला तर सगळं येतं."

"तूच शिकवलंस की."

"मग पुढच्या साली बसा माझ्यासोबत," मी म्हणालो. मी पुन्हा बसणार, याची मला खात्रीच होती.

मामा हसले. "तू काही पुन्हा बसत नाही आता. आणि माझं काय, त्या फाटकातून आत गेलं की हात असे कापतात बघ." त्यांनी हात पुढे धरले. ते अगदी स्थिर होते. मग स्वतःच त्यांच्याकडे बघत म्हणाले, "इथे नाही कापत. तिथेच."

मी पास झालो. वडिलांनी बुधवाऱ्यात जिलबी वाटली, मांजरही परत आलं. पुढच्या साली मामा नवी पोरं घेऊन खांडव्याला गेले, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. पोरं आत गेल्यावर मी नुसता हात पुढे केला. तो धरून मामा फाटकापर्यंत आले, क्षणभर उभे राहिले, आणि मग म्हणाले, "चल, मांडे गार होतील."

ते कधीचेच गार झाले होते. आम्ही दोघे कडुनिंबाखाली येऊन बसलो.