लाइट म्हंजे काय रं?

खांबावर चढणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. वर आपण तार ओढत असतो, खाली गाव गोळा होऊन बोलत असतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी कर्जत-खालापुरात वायरमन होतो. वीज एकच, पण दर गावात तिचं नाव निराळं ऐकलं.

*

खालापूरकडच्या एका शाळेत जाधव गुरुजी होते. त्यांनी केसांतून कंगवा फिरवला आणि त्यानं कागदाचे कपटे उचलून दाखवले.

"तृणमणी म्हणजे दगडासारखा घट्ट झालेला डिंक. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणायचे. तो घासला की काडी चिकटायची. त्यावरून इलेक्ट्रिसिटी."

एक मुलगी उठली. "गुरुजी, मग लाइट गेली की सगळ्यांनी केस विंचरायचे?"

"विंचरा. त्या दिवशी तरी नीटनेटके याल."

*

कशेळ्याच्या तुकाराम गिरणीवाल्याला एकदा स्विचचा झटका बसला होता. तेव्हापासून 'करंट' हा शब्द त्याच्या तोंडी बसला. एकदा त्यानं मला दारातच अडवलं.

"आत नका जाऊ. ही माहेराला जायचं म्हनते, मी नाय म्हटलं. सकाळपासनं करंट हाय."

आतून बायकोचा आवाज आला, "मेन स्विच तुमच्याकडंच हाय. हो म्हना."

दुपारच्या एसटीनं दोघंही गेली.

*

घाटाखालच्या एका गावात सगळ्यांनी जोडणीचे अर्ज भरले. सोनाबाई तेवढ्या अंगठा देईनात. सून पोटुशी होती, तिला घरात दिवा हवा होता.

"वीज घरात नाय घेनार," सोनाबाई म्हणाल्या.

सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मामंजी लावणी करत होते. शेतातच वीज पडली त्यांच्यावर."

मी अर्जावरचा 'वीज' शब्द खोडला, वर 'लाइट' लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लाइट म्हंजे काय रं?"

"उजेड, आजी."

त्यांनी अंगठा दिला.

ऑफिसात साहेबांनी खाडाखोड पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मी झालेलं सांगितलं. खोडलेल्या शब्दाशेजारी त्यांनी सही केली.

जोडणी झाली त्या दिवशी जेवणवेळेला बल्ब लागला. सोनाबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि सुनेला हळूच म्हणाल्या, "एक पाट जास्त मांड गं, ह्यांचा."