सुसाट जिप्सी आणि ताशी वीस

रेंजर साहेबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मॅडम, ही गाडी ताशी वीसनं चालली आहे?"

फोटो मीच काढलेला होता. सफारीची जिप्सी, स्टीअरिंगवर विलासभाऊ, मागे चार पर्यटक. गाडी आणि माणसं अगदी स्पष्ट, पण मागचं सागाचं जंगल पार आडव्या रेघांमध्ये ओढलेलं. चाकं गरगरतायत, धुळीचा लोट उठलाय. खरं सांगते, तशा वेळीही तो फोटो बघून मला गुदगुल्या झाल्या. असा फोटो रोज लागत नाही.

"वीसच्याही खाली होती, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडी मीच चालवत होते.

मी चंद्रपूरची. अब्बा लग्नाचे फोटो काढायचे, मी जंगलाच्या वाटेला लागले. जंगलाच्या या गेटजवळच्या एका रिसॉर्टनं मला जाहिरातीच्या फोटोंसाठी बोलावलं होतं. मालकाला थरार हवा होता. जंगलात मात्र वेगमर्यादा वीसची, आणि ती मोडली की ड्रायव्हरला गेट बंद. मालकानं हा फोटो इंटरनेटवर टाकला आणि वर लिहिलं, 'सुसाट सफारी'. कुणीतरी तक्रार केली. विलासभाऊंना उन्हाळ्याचा अख्खा सीझन आत जायला बंदी झाली. त्यांच्या घराची वर्षभराची कमाई याच सीझनमध्ये होते. मालक आता फोन उचलत नव्हता.

विलासभाऊ रेंजर ऑफिसच्या भिंतीला टेकून उभे होते. "ताई, मी त पायी चालल्यावानी गाडी आनून राह्यलो होतो. तुमीच म्हनत होत्या ना, भाऊ अजून हळू, अजून हळू. मंग मले काऊन सजा?"

त्यांचं अक्षर न अक्षर खरं होतं. या प्रकाराला आम्ही पॅनिंग म्हणतो. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे झापड. एरवी ती डोळ्याच्या पापणीपेक्षा कितीतरी लवकर उघडून मिटते, म्हणून पळती गाडीही गोठल्यासारखी दिसते. पॅनिंगमध्ये ती मुद्दाम जास्त वेळ उघडी ठेवायची आणि तेवढ्या वेळात कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्यायचा. गाडी चौकटीत जागच्या जागी राहते, म्हणून ती स्पष्ट येते. झाडं मागे सरकतात, म्हणून ती फरफटली जातात. धूळही तशीच ओढली जाते. मग बघणाऱ्याला वाटतं, काय गाडी पळतेय!

एवढं सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केला. "तुमचा कॅमेरा दाखवा."

ते एकेक फोटो पुढे सरकवू लागले. एका फोटोवर थांबले. तीच जिप्सी, पण चाकाचे नटसुद्धा मोजता येतील अशी स्थिर. मागचं झाड न झाड स्पष्ट.

"ही बघा. अशी चालवायची असते गाडी."

"साहेब, हा फोटो गेटच्या बाहेरचा आहे. हायवेवरचा. काटा साठवर होता. मी शटर वेगात ठेवलं होतं, म्हणून ती उभी दिसते."

"आता तुम्ही काहीही सांगाल."

माझं डोकं तापलं. इथे बोलून भागणार नव्हतं. मी कॅमेरा परत घेतला आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही या ऑफिसपासून नाक्यापर्यंत चाला. नेहमीसारखे. मी एक फोटो काढते."

"मी?"

"हो. तुमच्या चालीबद्दल कुणी तक्रार करणार नाही."

वनरक्षक मंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. साहेब उठले. टोपी नीट केली, हात पाठीमागे बांधले आणि बांबूच्या कुंपणाच्या कडेनं संथपणे चालू लागले. मी कुंपणाकडे तोंड करून वाटेच्या दुसऱ्या कडेला उभी राहिले. शटर सेकंदाच्या आठव्या भागावर ठेवलं आणि कमरेतून वळत त्यांच्याबरोबर कॅमेरा फिरवला.

फोटो साफ बिघडला. साहेबांच्या जागी खाकी डाग आला होता.

पॅनिंगचं हेच दुखणं आहे. दहातला एखादा लागतो. साहेबांना मी परत चालायला लावलं, तो फोटोही वाया गेला. तिसराही बिघडला. गाइड मंडळी जमली होती. विलासभाऊ माझ्याकडे बघत होते, कॅमेऱ्याकडे नाही. माणसाचा सगळा सीझन आता माझ्या मनगटावर होता.

"शेवटचं," साहेब म्हणाले. "मला कामं आहेत."

मी पाय रोवले, श्वास रोखला. साहेब आले तसा कॅमेरा त्यांच्या चष्म्याला चिकटवल्यासारखा फिरवत नेला. बटण दाबलं तेव्हाच हाताला कळलं, लागला! वीस वर्षं हे काम करतेय, पण तो क्षण अजून तसाच नाचवतो.

मी स्क्रीन पुढे केली. साहेबांचा चेहरा, चष्मा, टोपी, सगळं स्पष्ट. मागचं कुंपण पिवळ्या रेघा होऊन उडालेलं. पाय तर नव्हतेच, नुसती धूसर फिरकी. मागे अस्वल लागलं असावं तसे साहेब पळत सुटले होते.

मंदाबाईंना राहवलं नाही. "अरे बापा, साहेब त ऑलिम्पिकलेच निंगाले."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"मी असा पळालो?"

"नाई जी," विलासभाऊ हळूच म्हणाले. "तुमी चालून राह्यले होते. आमी सारेच इथी होतो."

साहेबांनी कॅमेरा मला परत दिला. मग मंदाबाईंकडे वळले. "उद्या सकाळपासून यांची गाडी आत सोडा." आणि मला म्हणाले, "तो माझा फोटो डिलीट करा. आत्ता, माझ्यासमोर."

केला. जिवावर आलं, पण केला.

बाहेर आल्यावर विलासभाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

आता कुठल्याही मालकाला फोटो देताना मी आधीच बजावते. यात दिसतो तो वेग माझा आहे, त्याचा हिशेब ड्रायव्हरकडे मागायचा नाही.