मास्तरीणबाईंची कानस

मी उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, नुमान. उझबेकिस्तानातल्या चुस्त गावच्या सुरीवाल्यांच्या गल्लीत चाळीस वर्षं सुऱ्या घडवतोय. माझ्या तोंडून कौतुक ऐकायला नशीब लागतं, असं माझी बायको म्हणते. तोच मी आज मुयस्सरबद्दल आपणहून बोलायला बसलोय.

मुयस्सर शाळेत गणित शिकवायची. तिचा नवरा रहमानबेर्दी माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून दुकान. त्याच्या प्रत्येक सुरीवर बदामाच्या पानाचा शिक्का असायचा. तो गेला, भट्टी थंड पडली. आमच्यात रीत अशी, की शिक्क्याला तीन वर्षांत वारस मिळाला नाही तर वडीलधारी मंडळी तो उठवायचा ठसाच कानशीनं घासून सपाट करतात. कुणी चोरून वापरू नये म्हणून. मुलगा नव्हता, पुतणे ताश्कंदला टॅक्सी चालवतात. तो गेल्यावर वर्षभरात मुयस्सरची पेन्शन सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ही बाई माझ्या दारात.

"उस्ता, मला सुरी करायला शिकवा."

"मास्तरीणबाई, या वयात?"

"आकडे शिकवताना मी कुणाचं वय विचारलं नव्हतं."

मी तिच्या हातात कानस दिली आणि ट्रकच्या कमानीचा एक मऊ केलेला पाटा वाइसच्या शिकंज्यात पकडून दिला. मनात म्हटलं, आठ दिवसांत हाताला फोड येतील आणि बाई घरी जातील.

फोड आले. बाई गेल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात मी तिच्यावर इतका ओरडलो, की पलीकडचा नानवाला नान भाजायचं सोडून बघायला यायचा. "कानस पुढं जाताना कापते. मागं ओढताना नुसती झिजते. उचला, बाई, उचला!" एकदा तिनं पाणी दिलेल्या, टणक झालेल्या पात्यावर कानस मारली. दाते गेले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "कळलं. आधी कोपऱ्यावर हलकेच फिरवून बघायचं. घसरली की थांबायचं." ती चूक तिच्याकडून पुन्हा झाली नाही. माझ्याकडून अजून होते.

मग तिनं माझंच दुकान सुधारायला घेतलं. मी कानशी एका डब्यात कोंबून ठेवायचो. तिनं नवऱ्याच्या जुन्या चापानाचं, म्हणजे अंगरख्याचं, कापड फाडून प्रत्येक कानशीला वेगळं म्यान शिवलं. "दातावर दात आपटले तर कुणाचे राहतील, उस्ता?" काम सुरू करण्याआधी ती कानशीला शाळेतला खडू फासायची. मी हसलो. "हिला काय आता पाढे शिकवणार?" ती म्हणाली, "खडूनं लोखंडाचा कीस दात्यांत अडकत नाही. बघा तरी." बघितलं. तिच्या पात्यावर ओरखडा नव्हता. माझ्या पात्यावर होते. मी तोंड फिरवून चहा प्यायलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला या बाईचा धाक वाटला.

दोन वर्षं अशी गेली. शिक्क्यासाठीच्या परीक्षेचा गुरुवार आला.

परीक्षा साधी. दुपारच्या नमाजापासून तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत मऊ पाट्यातून नुसत्या कानशीनं सुरीच्या धारेकडचा उतार काढायचा, दोन्ही बाजूंनी सारखा. तोवर उस्तानं एक शब्द बोलायचा नाही. बोलला की परीक्षा बाद. होलमिर्झा बाबा आमच्यात सगळ्यांत थोर. ते मध्ये बसलेले, समोर रुमालावर रहमानबेर्दीचा शिक्का आणि त्याच्या शेजारी एक चपटी कानस. जमलं तर शिक्का मुयस्सरचा. नाही तर तिच्या डोळ्यांदेखत घासायचा.

आणि इथं मी हात दाखवून अवलक्षण केलं. अशा दिवशी पितरांच्या नावानं तेल उकळवून वास सोडतात, आणि ऐरण-हातोड्याला दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी लावतात. मला भरून आलं होतं. माझी पहिली शिष्या, तीही मास्तरीण. उमाळ्याच्या भरात मी तिच्या कानशींनाही चरबी चोळली, पुसली, पुन्हा म्यानात घातल्या. चाळीस वर्षांचा कारागीर, आणि डोकं चुलीत घातलेलं.

तिनं पहिला हात मारला. कानस पोलादावरून साबणासारखी घसरली. दुसरी घेतली, तीही तशीच. चरबी माझीच, हे लक्षात आलं. बोलायची सोय नाही.

मुयस्सरनं कानस नाकाशी नेली. एकदा माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही. मग बाबांना म्हणाली, "चहाच्या समोवारमधलं उकळतं पाणी आणि चुलीतली राख मिळेल का?"

"बाई भांडी घासायला बसल्या," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मला जमीन दुभंगावी असं झालं.

ती बसली. राख, उकळतं पाणी, तारेचा ब्रश. दात्यांच्या ओळी तिरक्या असतात. ती त्याच तिरक्या रेषेत ब्रश फिरवत होती, एकही ओळ न चुकवता. चरबी लागलेला पाटाही तसाच धुतला. कानस समोवारच्या झाकणावर ठेवून कोरडी केली, खडू चोळला, झाडला, पुन्हा चोळला. अर्धा वेळ संपला, पाट्यावर अजून एक रेघ नाही. तिचे हात मात्र जराही घाईत नव्हते. मी आयुष्यभर माणसं राबताना बघितली, पण इतकी शांत भक्ती मशिदीतही क्वचित दिसते.

मग ती उभी राहिली आणि कानस पुढं गेली. आवाज बदलला होता. भरीव, एकसारखा, पुढं जाताना खर्र, मागं येताना काही नाही. हसणारे पुढं सरकून बघू लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

अजान झाली तेव्हा तिनं कानस खाली ठेवली, तीसुद्धा म्यानात घालून. बाबांनी उतारावर पट्टी उभी धरली, उजेडाकडं केली. एक बाजू, दुसरी बाजू. फट नव्हती. त्यांनी शिक्क्याशेजारची कानस उचलून आपल्या मांडीखाली घातली.

"पण बाई, हत्याराला चरबी लागली कशी?"

"हत्यार माझं, बाबा. न तपासता हातात घेतलं. चूक माझी."

बाबांनी मान माझ्याकडं वळवली. मला म्हणाले, "नुमान, आता दे आशीर्वाद. तोंड उघडायला मोकळा आहेस."

मी दुआसाठी ओंजळ पसरली. सगळ्यांनी पसरली. मुयस्सर माझ्यासमोर मान खाली घालून उभी, आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली,

"उस्ता, आधी हात धुऊन या. अजून चरबीचा वास येतोय."

मी गेलो. राख घेतली, उकळतं पाणी घेतलं, आणि तिनं कानस धुतली तसे बोट बोट करून हात धुतले. मंडळी ओंजळी पसरून थांबली होती.