बोट वर केलं तरच

"बोट वर केलं तरच शब्द दे. नाहीतर गप्प." प्रत्येक प्रयोगाआधी विंगेत ते उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर धरायचे. मी प्रॉम्प्टर. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण आमच्या हौशी नाट्यमंडळाचे नायक तेच राहिले.

एकदा तालमीत ते जरा थांबले आणि मी घाईने पुढचं वाक्य दिलं. "अरे, श्वास तरी घेऊ दे रे," ते म्हणाले, "का तोही तूच घेणार?" सगळे हसले. माझे कान तापले. तेव्हापासून मी फक्त बोटाकडे बघायचो.

शेवटचं नाटक एका जर्मन नटाच्या कारकिर्दीवर होतं. रंगभूमी गाजवलेला माणूस. बोलपट आले आणि स्टुडिओतल्या मायक्रोफोनपुढे त्याची वाचाच बसली. डोंबिवलीच्या उकाड्यात लोकरी ओव्हरकोट घालून ते घामाने निथळायचे आणि म्हणायचे, "बर्लिनची थंडी सोसवत नाही बुवा."

दुसऱ्या अंकात तो नट मायक्रोफोनपुढे गप्प उभा राहतो. मी मनात दहापर्यंत मोजायचो, मग ते बोलायचे.

त्या दुपारच्या प्रयोगात दहा झाले. वीस झाले. प्रेक्षागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांचा उजवा हात नुसता लोंबत होता, बोट हलत नव्हतं. मग मला त्यांचा ओठ एका बाजूला ओघळलेला दिसला. तरी मी पडदा पाडा म्हणून ओरडलो नाही. पुन्हा सगळ्यांसमोर चुकलो तर, ही भीती मोठी ठरली. अभिनय समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच ते कोसळले.

उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मला काही कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. "तुम्हाला तरी कसं कळणार, भावजी," हॉस्पिटलात त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या.

तीन आठवडे ठाकुर्लीला त्यांच्या घरी जायचं मी टाळलं. शेवटी गेलो. ते खिडकीशी खुर्चीत होते. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "मला दिसलं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ, मला मोजता आलं नाही. दार उघडून पळून जावंसं वाटत होतं.

मग त्यांचा डावा हात मांडीवरून हलला आणि तर्जनी सावकाश वर आली.

त्या दुपारी जिभेवरच राहिलेलं वाक्य मी दिलं, "माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. बोट वरच होतं.

मी पुन्हा दिलं.